वेदरिंग केलं की मॉडेल चिखलात पडलेल्या खेळण्यासारखं का दिसतं

तुझे तिन्ही फोटो मोठे करून बघितले. माशिनेन क्रीगर या जपानी सायन्स-फिक्शन मॉडेल-मालिकेतला १/२० मधला, म्हणजे खऱ्याच्या विसाव्या भागाएवढा, चिलखती सूट बांधलायस, वाळवंटातल्या पडक्या तळावर उभा करायचाय, दोन वीकेंड खपून वेदरिंग केलंस, म्हणजे वापराच्या खुणा, टवके, गंज, धूळ रंगवलीस, आणि आता तुझ्याच शब्दांत तो 'वापरलेलं यंत्र न दिसता चिखलात पडलेलं खेळणं' दिसतोय. आणि एअरब्रश, म्हणजे रंगाचा बारीक फवारा मारणारं यंत्र, नाही म्हणून असं झालं का, हेही विचारलंयस. तर ते आधी डोक्यातून काढून टाक. या सूटांचा बाप कौ योकोयामा, १९८२ साली हॉबी जपान मासिकात ज्याने एसएफ-थ्रीडी नावाने ही मालिका सुरू केली, तो स्वतः हाताने ब्रश मारूनच रंगवण्यासाठी प्रसिद्ध आहे. थोडे ब्रशचे फटकारे दिसले तर या मॉडेलवर ते शोभूनच दिसतात.

खरी भानगड वेगळी आहे. तुझ्या सूटवर डोक्यापासून पायापर्यंत सगळीकडे सारखेच टवके आणि सारखीच धूळ आहे. स्पंजने रंगाचे ठिपके देऊन टवके दाखवलेस ते अंगभर देवी आल्यासारखे दिसतायत. छातीवर जेवढे तेवढेच पाठीवर, तेवढेच काखेत, आता काखेत रंग कशाने उडेल सांग बरं?

एक काम कर. घराजवळ कुठेतरी खोदकाम चालूच असेल, तिथे जाऊन उभा असलेला जेसीबी दहा मिनिटं बघ. ऑपरेटर जेवायला गेला की जा, म्हणजे 'काय रे काय बघतोस' असं कुणी विचारणार नाही. बकेटचे दात बघ, तिथे गंज नसतो, माती घासून घासून पोलाद चकचकीत झालेलं असतं. गंज असतो बकेटच्या बाहेरच्या बाजूला जिथे रंग उडालाय पण रोज घासलं जात नाही. हायड्रॉलिकचा दांडा आरशासारखा, आणि तो जिथे सिलिंडरमध्ये शिरतो तिथे तेलावर धूळ बसून काळपट पेस्टचं कडं तयार झालेलं. केबिनच्या पायरीवरचा रंग फक्त मधेच गेलेला, कडांना पिवळा तसाच. दाराच्या हँडलभोवती हाताचा तेलकट काळा डाग. टपावर पावसाचं पाणी जिथे साचतं तिथून खाली ओघळ. आणि मधे मोठमोठे भाग असे की तिथे काहीच नाही, नुसता उन्हाने फिका पडलेला पिवळा. हे जे 'काहीच नाही' आहे ना ते तुझ्या सूटवर एक इंचसुद्धा शिल्लक नाहीये, आणि म्हणून नजर कुठे ठरतच नाही.

म्हणजे प्रत्येक डागाला कारण पाहिजे. मी आता रंगाला हात लावायच्या आधी कागदावर सूटची पुढून-मागून कच्ची आकृती काढतो आणि पेन्सिलीने खुणा करतो: माणूस आत चढतो कुठून, हात कुठे टेकतो, तेल कुठून गळतं, पाणी कुठे थांबतं, गुडघा कशावर टेकतो. दहा मिनिटांचं काम आहे पण पुढचे चार दिवस वाचतात.

तुझा सूट फुकट गेलेला नाही, रंग खरवडत बसू नकोस. अंगाचा जो मूळ रंग आहे तो किंचित पांढरा मिसळून फिका कर आणि बारीक ब्रशने तीन चतुर्थांश टवके सरळ झाकून टाक. पॅचेस दिसतील, दिसू देत, खऱ्या यंत्रावरही मेकॅनिक असाच हाताला लागेल तो डबा घेऊन रंग मारतो आणि शेड कधी जुळत नाही. टवके ठेवायचे ते कडांवर, पायाच्या चवड्यावर, गुडघ्यावर, झाकणाच्या कडीपाशी.

पुढच्या मॉडेलला मात्र स्पंजपेक्षा हेअरस्प्रे वापर. प्रायमरवर गंजाचा रंग, एकाच तपकिरीत नको, दोन-तीन छटा ठिपक्याठिपक्याने. त्यावर वार्निश, ते पूर्ण वाळू दे. मग साधा हेअरस्प्रे, दोन पातळ हात. त्यावर अंगाचा रंग, अॅक्रिलिक आणि पातळच. तामिया कंपनीचे रंग वापरत असशील तर इथे त्यांच्या थिनरऐवजी पाण्याने पातळ कर, टवके सोपे निघतात. रंग हाताला सुका लागला की तासाभराच्या आतच कोमट पाण्याचा ब्रश फिरव, थोडा वेळ थांब, आणि जुन्या कडक ब्रशने किंवा टूथपिकने हळूच टोच. खालचा हेअरस्प्रे पाण्याने विरघळतो, रंग आपोआप सुटतो आणि कडा अशा वेड्यावाकड्या येतात की हाताने रंगवून तशा कधीच येणार नाहीत. उद्या करू म्हणून ठेवलंस तर मात्र चिवट होतो आणि मग खरवडताना खालचा गंजही निघून येतो, हे मी दोनदा केलंय.

ओघळांसाठी ऑइल पेंट. चित्रकलेच्या दुकानातल्या छोट्या ट्यूब, बर्न्ट अंबर आणि बर्न्ट सिएना, दोनच पुरतात. रंग आदल्या रात्री पुठ्ठ्यावर पिळून ठेव, पुठ्ठा त्यातलं जवसाचं तेल शोषून घेतो म्हणजे मॉडेलवर तो तुपकट चमकत नाही. मोहरीएवढा ठिपका बोल्टच्या खाली ठेवायचा, चपटा ब्रश थिनरमध्ये बुडवून फडक्यावर जवळजवळ कोरडा करायचा आणि वरून खाली ओढायचा. जास्त वाटलं तर पूस, ऑइल तासन्‌तास ओला राहतो, घाई नाही. पण त्याआधी मॉडेलवर ग्लॉस वार्निश हवं, मॅटवर केलंस तर डाग पसरतो आणि पुसला जात नाही.

आणि थिनर बेताने. माझा पहिला रोबो १/१४४ चा होता, एनॅमल वॉश, म्हणजे थिनरने पाण्यासारखा पातळ केलेला रंग, अगदी सढळ हाताने ओतला, सांध्यांत साचला, झोपायला गेलो. सकाळी बघतो तर साहेब एका पायावर, दुसरा पाय खुब्यापासून तुटून बाजूला पडलेला! दाबून बसवलेल्या सांध्यांत प्लॅस्टिक ताणाखाली असतं आणि थिनर त्यात शिरला की तडकतं, एबीएस जातीच्या प्लॅस्टिकचे भाग तर जास्तच. तो पाय चिकटवून मी त्याला 'युद्धात जखमी' म्हणून खपवला ही गोष्ट वेगळी.

धुळीसाठी महागड्या पिगमेंटच्या, म्हणजे कोरड्या रंगाच्या पुडीच्या, बाटल्या घेऊ नकोस, निदान सुरुवातीला तरी. पूजेच्या सामानाच्या दुकानात गेरू मिळतो, तो खलबत्त्यात कुटून मलमलच्या कपड्यातून गाळून घे. गेरूचा लाल म्हणजे शेवटी आयर्न ऑक्साइडच, गंजाचा भाऊबंद. नुसता वापरलास तर तुळशीवृंदावन दिसेल, म्हणून त्यात तपकिरी आणि राखाडी सॉफ्ट पेस्टल घासून मिसळ. वाळवंटाची धूळ तर अजून फिकी पाहिजे, जवळजवळ मुलतानी मातीसारखी, आणि ती मातीसुद्धा चालते. कोरडी पूड ब्रशने कोपऱ्यात टाकायची आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब बाजूला सोडायचा, तो स्वतः आत ओढला जातो. यानंतर वरून वार्निश मारू नकोस, अर्धी धूळ गायब होते आणि मग माणूस परत टाकतो, परत मारतो.

आता बेस, म्हणजे सूट ज्यावर उभा आहे तो जमिनीचा तुकडा. तिथे तुझी जास्त मोठी चूक झालीय आणि तिच्याकडे तुझं लक्षच नाहीये, वाळू! तू बांधकामाची वाळू न चाळता टाकलीयस. १/२० मध्ये एक मिलिमीटरचा कण म्हणजे दोन सेंटिमीटरची खडी, आणि फोटोत तीन-तीन मिलिमीटरचे दाणे दिसतायत, म्हणजे तुझा सैनिक वाळवंटात नाही, रेल्वेच्या रुळावर उभा आहे. चहाच्या गाळणीने चाळ, मग परत मैद्याच्या चाळणीने. जाड दाणे टाकून देऊ नकोस, ते भिंतीच्या पायथ्याशी ढिगाऱ्यात कामाला येतात.

पडक्या भिंतीला सळया काढल्यास ते आवडलं, पण त्या मोटारीच्या अॅक्सलएवढ्या झाल्यात. खरी १२ मिलिमीटरची सळई १/२० मध्ये ०.६ मिलिमीटर येते. मोटर वायंडिंगवाल्याकडे तांब्याच्या तारेचे तुकडे मिळतात, साधारण तेवढ्या जाडीची शोध. आणि सळई कधी एकटी नसते, तिला आडव्या रिंगा असतात, दोन-तीन रिंगा वाकवून लोंबत्या ठेवल्यास की बघणाऱ्याला न सांगता काँक्रीट पटतं. भिंत पीओपीची ओतून हाताने तोड, कापू नकोस, तुटलेली कड कटरने येत नाही. थर्माकोलची करणार असशील तर आधी फेव्हिकॉलचा हात दे, नाहीतर स्प्रेच्या डब्यातलं सॉल्व्हंट ती डोळ्यांदेखत खाऊन टाकतं.

सूट जमिनीवर ठेवल्यासारखा दिसतोय, उभा वाटत नाही. एवढं लोखंड अंगावर घेतलेला प्राणी वाळूत रुतणार. बेसचा लगदा ओला असताना पायांना स्वयंपाकघरातली पातळ प्लॅस्टिक फिल्म गुंडाळ, दाबून उभा कर, उचल, ठसा वाळू दे. मागे अजून दोन ठसे उमटव म्हणजे तो कुठून तरी चालत आला. एका ठशाची कड थोडी ढासळू दे.

बेस मात्र लहान कर. एका सूटला ए-फोर एवढी जागा म्हणजे शिवाजी पार्कवर एकटा फिल्डर. १२ बाय १२ सेंटिमीटर भरपूर झालं, आणि सूट कडेला समांतर नको, जरा तिरका वळव.

भिंतीवर पाइप आणि डबे चिकटवलेस ते ग्रीबली, म्हणजे नुसते दिखाव्याचे यांत्रिक सुटे भाग, म्हणून ठीक आहेत, सिनेमाच्या मॉडेलवाल्यांनीही रणगाड्यांच्या आणि विमानांच्या किटचे सुटे भाग लावूनच अवकाशयानं सजवली. पण तुझा एक पाइप भिंतीतून निघून हवेत संपतोय. पाइप कुठून तरी कुठेतरी गेला पाहिजे, नाहीतर तुटलेला दाखव आणि खाली तेलाचा डाग दे. सोल्डर वायरवर बॉलपेनची स्प्रिंग चढवलीस की झकास हायड्रॉलिक होज होतो, मेलेल्या चार्जरच्या पोटातून तर आख्खा जनरेटर निघतो.

शेवटचं, धूळ टाकायच्या आधी मारायचा मॅट वार्निशचा स्प्रे भर पावसाळ्यात मारू नकोस. मी जुलैत गॅलरीत मारला होता, बाहेर धो धो, हवेतली ओल त्यात अडकली आणि काळा रोबो पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा पांढरा. वर ग्लॉसचा हात मारून बऱ्यापैकी सुटलं, पूर्ण नाही. आभाळ उघडलेला दिवस बघ, नाहीतर ब्रशने लावायचं मॅट घे.

आणि पाय बेसला चिकटवायच्या आधी एक फोटो टाक, बाजूने, डोळ्याच्या उंचीवरून काढलेला. वरून काढलेल्या फोटोत रुतलेले पाय दिसत नाहीत.