सोळा एमबी रॅम असूनही जागा अपुरी का पडते?

प्रश्न : माझ्याकडे एक जुना ४८६ संगणक असून त्यावर एमएस-डॉस ६.२२ ही कार्यप्रणाली चालते. एक जुना खेळ सुरू करताना ‘५८० केबी कन्व्हेन्शनल मेमरी मोकळी हवी’ असा संदेश येतो. म्हणून मी ८ एमबीची रॅम १६ एमबी केली, तरी संदेश कायम आहे. नवी रॅम सदोष असेल का? ‘मेम /सी’ या आदेशाने मिळालेले आकडे असे : डॉस ६२ केबी, हायमेम (१ एमबीच्या वरची मेमरी सांभाळणारा ड्रायव्हर) १, कमांड (आदेश वाचणारा प्रोग्रॅम) ५, माउस १७, सीडीचा ड्रायव्हर २४, एमएससीडेक्स (सीडी डॉसला वाचता यावी यासाठीचा प्रोग्रॅम) २८, मोकळी जागा ५०३ केबी.

उत्तर : रॅम निर्दोष आहे, ती या कामाला उपयोगी पडत नाही, इतकेच. १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीतील ८०८८ या प्रोसेसरला पत्त्यांसाठी २० च वाहिन्या होत्या, त्यामुळे त्याला १०२४ केबीच्या पलीकडचे काही दिसत नसे. त्यांपैकी वरचे ३८४ केबी पडदा, बायोस (संगणक सुरू करणारा अंगभूत प्रोग्रॅम) आणि जोडकार्डे यांच्यासाठी राखून ठेवल्यामुळे प्रोग्रॅमच्या वाट्याला ६४० केबी आले, आणि पुढे प्रोसेसर कितीही बदलले तरी डॉसच्या साध्या प्रोग्रॅमची ही हद्द बदलली नाही. या ६४० केबींनाच कन्व्हेन्शनल मेमरी म्हणतात आणि आपला खेळ त्यांतलीच मोकळी जागा मोजतो. तेव्हा रॅम वाढवण्यापेक्षा तिथे ठाण मांडून बसलेल्यांना वर हलवणे हाच उपाय आहे.

सर्वांत मोठा वाटा खुद्द डॉसचा आहे. १ एमबीच्या सीमेला लागूनच वर ६४ केबींना १६ बाइट कमी एवढा ‘हाय मेमरी एरिया’ असतो. सुरू होताना डॉस जी वाचते, त्या कॉन्फिग.सिस या फाइलमध्ये हायमेम.सिसची ओळ आपल्याकडे आहेच; तिच्याखाली ‘डॉस=हाय,यूएमबी’ (यूएमबी म्हणजे राखीव ३८४ केबींतले मोकळे तुकडे, ते पुढे लागतील) लिहिले की डॉसचा बराचसा भाग तिथे जातो आणि ४५ केबींच्या आसपास जागा सुटते. तरीही आपण साधारण ५४८ वरच येतो.

उरलेले काम ईएमएम३८६ करतो. राखीव ३८४ केबींमध्ये कोणीही न वापरलेले पत्ते असतात. त्या रिकाम्या पत्त्यांवर हा प्रोग्रॅम वरची रॅम आणून बसवतो. आपण घेतलेल्या रॅमचा थोडासा उपयोग होतो, तो इथे. ‘डिव्हाइस=’ नंतर ईएमएम३८६.ईएक्सई आणि पुढे ‘नोईएमएस’ (म्हणजे ‘एक्स्पांडेड’ मेमरी नको) असे लिहावे. मात्र ही ओळ हायमेमच्या खालीच हवी. मी एकदा ती चुकून वर टाकली होती. ईएमएम३८६ ने मुकाट्याने माघार घेतली नव्हती, रीतसर संदेश दिला होता. पण तो पडद्यावरून इतक्या झपाट्याने सरकला की माझी अख्खी संध्याकाळ भलतीकडेच शोधण्यात गेली. संगणक सुरू होताना एफ८ दाबल्यास एकेक ओळ विचारून चालवली जाते, हे तेव्हा आठवायला हवे होते.

त्यानंतर सीडीच्या ड्रायव्हरसाठी ‘डिव्हाइस’ऐवजी ‘डिव्हाइसहाय’ आणि सुरुवातीला आपोआप चालणाऱ्या ऑटोएक्झेक.बॅट या फाइलमध्ये माउस व एमएससीडेक्स यांच्या ओळींपुढे ‘एलएच’ (‘लोडहाय’, म्हणजे वर चढवा) लिहावे. येथे एक खोच आहे. काही प्रोग्रॅमना स्थिरावल्यानंतर लागते त्यापेक्षा सुरू होताना जास्त जागा लागते आणि वर तेवढा सलग तुकडा नसेल, तर ‘एलएच’ तक्रार न करता प्रोग्रॅम खालीच ठेवते. म्हणून मोठे प्रोग्रॅम आधी चढवावेत आणि प्रत्येक बदलानंतर ‘मेम /सी’चा तक्ता पुन्हा पाहावा. हे तिन्ही वर गेले की ६९ केबी सुटतात. ईएमएम३८६ स्वतःसाठी तीन-चार केबी घेतो, ते वजा जाताही आपण ६०० च्या पुढे जाता. डॉससोबत येणारा मेममेकर हा प्रोग्रॅम हेच काम आपोआप करतो, पण एकदा तरी हाताने केल्याशिवाय त्याने काय हलवले ते कळत नाही, असे माझे मत आहे.

प्रश्न : माझ्या एका खेळाला ‘एक्स्पांडेड’ मेमरी (ईएमएस) हवी आहे, तर दुसरा ईएमएम३८६ असेपर्यंत सुरूच होत नाही. दोन्ही एकाच संगणकावर कसे चालवावेत?

उत्तर : पहिल्यासाठी ‘नोईएमएस’ काढून ‘रॅम’ हा शब्द लिहावा. त्या मेमरीकडे पाहण्यासाठी ६४ केबींची एक खिडकी लागते आणि ती वरच्या जागेतूनच कापली जाते, म्हणून गरज नसताना ती उघडू नये. दुसरा खेळ मेमरीचा ताबा स्वतःकडे घेऊ पाहत असावा. त्याला हायमेम पुरते, पण ईएमएम३८६ आड येतो. डॉस ६ मध्ये कॉन्फिग.सिसमध्येच मेनू लिहिता येतो. दोन खेळांसाठी दोन पर्याय ठेवावेत आणि संगणक सुरू करताना हवा तो निवडावा.

प्रश्न : हेच उपाय ८०८८ च्या संगणकावर चालतील का?

उत्तर : नाही. हायमेमला किमान २८६ आणि ईएमएम३८६ ला किमान ३८६ लागतो. तिथे कॉन्फिग.सिसमधील ‘बफर्स’चा (डिस्कच्या वाचन-लेखनासाठी राखलेल्या मेमरीचा) आकडा उतरवणे आणि नको असलेले ड्रायव्हर काढून टाकणे एवढेच हाती राहते.