आवाजाला चव नसते, तरी 'गोड आवाज' लगेच कसा कळतो?

'गोड आवाज', 'तिखट नजर', 'कोवळं ऊन' यांत दोन इंद्रियांची सरमिसळ असूनही आपण अडखळत का नाही, असं तुम्ही विचारलंय. मला पटलेलं कारण असं, की चवीच्या आणि स्पर्शाच्या शब्दांत आवडनिवड आधीच मुरलेली असते. 'गोड' ऐकल्यावर साखर आठवावी लागत नाही, हवंहवंसं वाटणं तेवढं पुढे येतं. 'गोड बातमी' कळायला तर कुठलंच इंद्रिय लागत नाही.

मात्र वाटेल ती जोडी जमत नाही. भाषाशास्त्रज्ञ स्टीफन उलमान यांनी 19व्या शतकातल्या कवींच्या ओळी तपासल्या, तेव्हा स्पर्श-चवीचे शब्द आवाजाकडे आणि दृश्याकडे जाताना जास्त दिसले, उलटे कमी. पुढे संशोधक येशायाहू शेन यांना हिब्रू कवितेतही हाच कल आढळला. मराठीत करून बघा: 'मऊ आवाज' चटकन पटतो, 'सुरेल मऊपणा' म्हटलं की थबकायला होतं. नियम अगदी पक्का नाही म्हणा. फिका चहाही असतो आणि फिका रंगही; शब्द कुठून कुठे गेला, ते सांगणं कठीण.

सवयीचाही वाटा मोठा आहे. भैरव राग शिकणाऱ्याला 'कोमल रिषभ' म्हणजे शुद्ध रिषभाच्या (म्हणजे 'रे'च्या) खालचा स्वर, एवढंच डोक्यात असतं. स्पर्श कुणी आठवत नाही. पण त्याच रिषभावर कुणी सावकाश आंदोलन घेतलं, म्हणजे स्वर हळुवार झुलवला, की 'कोमल' हा शब्द पुन्हा जिवंत होतो.

काहींना सूर ऐकताना खरोखरच रंग दिसतात. त्याला सिनेस्थेशिया म्हणतात, पण ही भाषा कळायला तो असावा लागत नाही.

नवी प्रतिमा असेल तर कवीला वाट दाखवावी लागते, आणि ती ज्ञानेश्वरांइतकी सुंदर दुसऱ्या कुणी दाखवलेली मला माहीत नाही. 'श्रवणींचि होति जिभा', म्हणजे कानांनाच जिभा फुटतात, एवढं म्हणून ते थांबत नाहीत, इंद्रियांचं भांडणच लावून देतात. शब्द खरा कानाचा, पण जीभ म्हणते हा रस आमचा; नाकाला त्यात सुगंध येतो; डोळ्यांना वाटतं रूपाची खाणच उघडली. कोण कशावर हक्क सांगतंय ते कळत जातं, म्हणून वाचक कुठेच हरवत नाही. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात, सुरुवातीलाच या ओव्या आहेत. मोठ्याने वाचा.