मराठीतली कुठली दिग्दर्शिका आवर्जून पाहावी? सुरुवात कशाने करू?

सुमित्रा भावे, आणि सुरुवात ‘अस्तु’पासून. ‘कासव’ला २०१६ सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं, त्यामुळे बहुतेक जण तेच सुचवतात, पण माझ्या मते बाईंची ताकद ‘अस्तु’त जास्त दिसते. स्मृतिभ्रंश झालेला संस्कृतचा पंडित हत्तीच्या मागे चालत निघून जातो आणि माहुताच्या झोपडीत पोचतो. माहुताची बायको कानडी बोलणारी, शास्त्रांशी तिचा काडीचा संबंध नाही. ती त्याला लेकरासारखं जेवू घालते, कुठलाही प्रश्न न विचारता. अमृता सुभाषला या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो उगाच नाही.

हे सगळं येतं कुठून? भावे मुळात समाजशास्त्राच्या. झोपडपट्टीतल्या बायकांवरचा ‘बाई’ हा १९८५ चा लघुपट त्यांची पहिली फिल्म, तेव्हा त्या चाळिशी ओलांडलेल्या होत्या. नंतर ‘दोघी’ (१९९५) आणि ‘देवराई’ही बघा.

एक मात्र आहे: बहुतेक चित्रपट सुनील सुकथनकरांसोबत केलेले आहेत, तेव्हा श्रेय दोघांचं. आणि गती संथ आहे. मोबाइल चाळत बघाल तर हाती काही लागणार नाही.