वाचकांचे प्रश्न : गरम इंजिनाची चढलेली रेस आणि काळे प्लग

प्रश्न : माझ्याकडे 2004 सालची, एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या) इंजिनाची छोटी पेट्रोल मोटार असून तिने मी फैजपूरहून भुसावळला रोज ये-जा करतो. थंडी सुरू झाल्यापासून गाडी कितीही चालवली तरी आयडलिंग (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिनाची फिरण्याची गती) खाली येत नाही. गॅरेजमधील मीटरवर ते मिनिटाला 1500 फेऱ्यांच्या आसपास दिसले. धुराला पेट्रोलचा वास येतो, प्लग काळे पडतात, ॲव्हरेज 17 वरून 12 वर आले आणि पीयूसी तपासणीत कार्बन मोनॉक्साइड मर्यादेबाहेर गेला. थ्रॉटल बॉडी साफ करून झाली, प्लग आणि ऑक्सिजन सेन्सर नवे बसवले, तरी फरक नाही. चेक इंजिनचा दिवाही लागत नाही. मे महिन्यात हा त्रास इतका नव्हता. आता काय बदलावे?
(एक वाचक, फैजपूर)

उत्तर : आणखी कोणताही भाग विकत घेण्याआधी आपल्या गाडीत थर्मोस्टॅट वॉल्व्ह (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) जागेवर आहे का, हे पाहावे.

रेस चढणे आणि मिश्रण रिच होणे (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जाणे) ही दोन लक्षणे एकत्र आली, की संशय प्रथम तापमानाकडे वळवावा. एखाद्या फाटलेल्या व्हॅक्यूम नळीतून हवा आत शिरत असेल तर रेस चढते, परंतु प्लग सहसा असे काजळीने भरत नाहीत. उलट इंजेक्टर किंवा फ्युएल प्रेशर रेग्युलेटर गळत असेल तर पेट्रोल जास्त जाते, पण केवळ त्यामुळे आयडलिंग 1500 वर टिकून राहत नाही. दोन्ही गोष्टी जाणूनबुजून एकाच वेळी करणारा घटक म्हणजे ईसीएम, म्हणजेच इंजिन चालवणारा छोटा संगणक, आणि इंजिन थंड आहे असे त्याला वाटते तेव्हाच तो तसे करतो. त्या अवस्थेत तो ऑक्सिजन सेन्सरचे ऐकतही नाही, म्हणून नवा सेन्सर बसवूनही आपल्याला गुण आला नाही.

आपल्या खानदेशात पारा 45 अंशांवर गेला आणि गाडी तापू लागली, की थर्मोस्टॅट काढून टाकण्याची पद्धत अनेक गॅरेजांत रुळली आहे. तो काढल्यावर पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरते. उन्हाळ्यात इंजिन तरीही बऱ्यापैकी गरम होते, पण पौष-माघाच्या पहाटे बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर समोरून गार वारा लागत असताना ते आवश्यक तापमानापर्यंत पोहोचतच नाही. आपला त्रास थंडीत वाढतो, ही खूण मला सर्वांत बोलकी वाटते.

याची परीक्षा फुकट होते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचे इंजिन सुरू करावे आणि रेडिएटरच्या वरच्या नळीला, पंख्यापासून हात लांब ठेवून, अधूनमधून स्पर्श करावा. थर्मोस्टॅट ठीक असेल तर नळी काही मिनिटे गारच राहते आणि मग थोड्याच वेळात चांगली गरम होते. तो नसेल किंवा उघडा अडकला असेल तर ती सुरुवातीपासून हळूहळू कोमट होत जाते. नवा थर्मोस्टॅट घेताना त्यावर कोरलेला अंश, बहुधा 82 किंवा 88, कंपनीच्या पुस्तिकेशी जुळवून घ्यावा.

नळीची परीक्षा उत्तीर्ण झाली तर कूलंट टेम्परेचर सेन्सरकडे वळावे. डॅशबोर्डवरील काट्यावर विसंबू नये, कारण जुन्या गाड्यांत काट्याचा सेन्सर बहुधा वेगळा, एका वायरचा असतो आणि ईसीएमचा दोन वायरींचा. इग्निशन बंद करून दोन वायरींच्या सेन्सरचा कनेक्टर काढावा आणि मल्टिमीटरने रोध मोजावा : 20 अंशांना तो साधारण 2 ते 3 किलोओहम असतो आणि 80 अंशांना सुमारे 300 ओहमपर्यंत उतरतो. सेन्सर ठीक निघाला तर कनेक्टरच्या पिना उजेडात नीट पाहाव्यात. त्यांवर हिरवट गंज चढला असेल तर तेवढा रोध वाढतो आणि गरम इंजिनही ईसीएमला थंड भासते. आकडा अशक्य वाटण्याइतका चुकीचा नसल्याने दिवाही लागत नाही. तुमच्या गाडीच्या काळात ओबीडी (गाडीतील बिघाड स्वतः नोंदवणारी यंत्रणा) सक्तीचे नव्हते, त्यामुळे बाजारातील स्वस्त स्कॅनर तिला जुळेलच असे नाही. येथे मल्टिमीटरच खरा उपयोगी.

थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू फिरवून रेस उतरवण्याचा सल्ला कोणी दिला तर कृपया मानू नये. आणि थर्मोस्टॅट परत बसवल्यावर उन्हाळ्यात गाडी तापलीच, तर दोष थर्मोस्टॅटला न देता रेडिएटर, त्याचे झाकण आणि पंखा तपासावा. बोअरच्या जड पाण्याने रेडिएटरच्या नळ्यांत क्षार साचतात. कूलंट डिस्टिल्ड पाण्यातच मिसळावे. दुरुस्तीनंतर इंजिन ऑइलही बदलून घ्यावे, कारण इतके महिने जास्तीचे पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरून खाली उतरून ऑइल पातळ झाले असणार. डिपस्टिकचा वास घेतला तरी ते कळेल.

प्रश्न : माझ्या कार्बोरेटरच्या जुन्या गाडीतही हीच दोन लक्षणे आहेत. तिला तर ईसीएम नाही. कोठून सुरुवात करावी?
(एक वाचक, शहादा)

उत्तर : चोकपासून. चोक ओढला की त्याची पट्टी हवा अडवते आणि जोडलेला कॅम थ्रॉटल किंचित उघडतो, म्हणून केबल गंजून चोक अर्धवट अडकला तर दोन्ही लक्षणे एकदम दिसतात. एअर फिल्टरचे झाकण काढून चोकचे बटण आत ढकलावे; पट्टी पूर्ण उभी होत नसेल तर केबल आधी सोडवून, साफ करून पाहावी, आणि तोवर मिक्स्चर स्क्रूला (हवा-पेट्रोलचे प्रमाण ठरवणाऱ्या स्क्रूला) हात लावू नये.