एक ऍक्टिव्हिटी काढ

अरे, तुझा लांबलचक मेसेज वाचला, दोनदा वाचला. खाली तीन प्रश्न होते, अजून एक सर्टिफिकेट करू का, हे साहसी खेळांचं सेंटर बदलू का, की स्वतःचं काहीतरी सुरू करू. तिन्ही प्रश्न बाजूला ठेव. खरी गोष्ट तू मधेच एका ओळीत लिहून पुढे पळालास, ती मुलगी वरच्या प्लॅटफॉर्मवर बसून राहिली, खालून शाळेचे सर ओरडत होते की आटपा, पुढचा ग्रुप उभा आहे, तू तिला खाली उतरवलंस आणि पाचव्या मिनिटाला ती तिरंदाजीच्या रांगेत उभी होती, गप्प. आणि तू विचारतोयस, "ताई, मी तिला थोडं अजून ढकलायला हवं होतं का?"

ढकलायचं की नाही हा प्रश्नच नाहीये रे. तुझ्याकडे वेळ नव्हता. वेळ असता तर तिनं ठरवलं असतं, वर जायचं, खाली यायचं की नुसतं बसून राहायचं. चॅलेंज बाय चॉइस म्हणून आपण ट्रेनिंगमध्ये पाठ करतो ना, मूल स्वतः ठरवेल किती पुढे जायचं, मग ठरवायला मिनिटं कोण देणार? खाली रांग लावून वरच्याला "तुझी मर्जी" म्हणणं ही शुद्ध फसवणूक आहे.

म्हणून माझं एकच सांगणं, आणि तुला माहितीये मी काय म्हणणार. एक ऍक्टिव्हिटी काढ. दिवसाला पाच आहेत? चार कर. चार झाल्या की परत ये, मी म्हणेन तीन कर.

हिशोब कर ना जरा. बारा मुलं, चढायच्या वॉलवर दोन दोर, दीड तासाचा स्लॉट. दोर अडकवायचा कमरेचा पट्टा म्हणजे हार्नेस घालणं, प्रत्येक बकल स्वतः हात लावून बघणं, हेल्मेट, सूचना, यात पंचवीस मिनिटं जातातच, आणि कोणी दहा मिनिटांत उरकतो म्हणाला तर त्याच्या दोरावर मी चढणार नाही. उरली पासष्ट. एका दोरावर सहा मुलं, म्हणजे एकाला जेमतेम अकरा मिनिटं, त्यात गाठ मारणं, जोडीदाराकडून तपासून घेणं, चढणं, उतरणं, सोडणं सगळं आलं. आणि हे कोणीच घाबरलं नाही तर. एक मूल अर्ध्यात अडकलं की वीस मिनिटं गेली, मग शेवटची दोन मुलं "तुम्ही नंतर" म्हणून राहतात आणि ते नंतर कधी येत नाही. डीब्रीफ, म्हणजे शेवटी बसून काय झालं ते बोलणं, तर या हिशोबात मी धरलंच नाही. कोणीच धरत नाही.

तू अनुभवातून शिकण्यावर लिहिणारे डेव्हिड कोल्ब वाचलायस, १९८४ चं ते पुस्तक, अनुभव घ्या, मागे वळून बघा, त्यातून काही कळलं ते धरा, मग पुन्हा करून बघा. चार टप्पे. आपली सेंटर्स काय करतात, पहिला टप्पा पाच वेळा करतात. पाच अनुभव, शून्य मागे वळून बघणं, आणि ब्रोशरवर मात्र "अनुभवातून शिक्षण". मला याचा राग येतो, अजूनही येतो, वय झालं तरी.

आणि हे सगळं जिथून आलं तिकडे बघ ना. शिक्षक कुर्ट हान आणि जहाज कंपनीवाले लॉरेन्स होल्ट यांनी १९४१ मध्ये वेल्समधल्या ऍबरडोव्हीला आउटवर्ड बाउंड ही साहसी प्रशिक्षणाची शाळा सुरू केली तेव्हा युद्ध चालू होतं, जहाजं बुडत होती, आणि होल्ट यांची चिंता ही होती की तरुण खलाशी तगत नाहीत, वयस्कर तगतात. म्हणजे वेळ कोणालाच नव्हता. तरी त्यांनी कोर्स ठेवला जवळजवळ महिनाभराचा. आपण त्यातला दोर उचलला, होडी उचलली, महिना टाकून दिला. एका दिवसात महिना बसत नाही हे मान्य आहे मला, शाळा एकच दिवस देते, बस संध्याकाळी निघते. मग एका दिवसात एका दिवसाएवढंच कर की!

सेफ्टीचंही तेच. शेवटची गडगड ऐकल्यापासून तीस मिनिटं कोणी दोरावर किंवा पाण्यात जायचं नाही, हे तू झोपेतही सांगशील. ठासून भरलेल्या दिवसात ती तीस मिनिटं कुठून आणशील? मग ढगाकडे बघून "तो लांब आहे" असं वाटायला लागतं. माणूस वाईट नसतो, टाइमटेबल त्याच्याकडून तसं बघून घेतं.

बॉसला कसं सांगू म्हणतोस. लेखी दे. १९९३ ची लाइम बेची दुर्घटना तुला ट्रेनिंगमध्ये सांगितली असेल, इंग्लंडच्या किनाऱ्यावर कयाकिंगला गेलेली चार शाळकरी मुलं दगावली, आणि त्यानंतर १९९५ ला तिथं साहसी केंद्रांना लायसन्स लावणारा कायदा आला. तिथल्या दोन इन्स्ट्रक्टरनी आधीच नोकरी सोडताना सेफ्टीबद्दल लेखी इशारा दिला होता. तिथलं कारण गच्च टाइमटेबल नव्हतं, उगाच ओढूनताणून जोडत नाही मी. पण कोर्टात ते पत्र उभं राहिलं. चहा पिताना केलेली कुरकुर कुठंच उभी राहत नाही.

शाळेचं सोड, बाकीचे ग्रुप आठव. एकदा कर्णबधिर मुलांचा ग्रुप होता आमच्याकडे. वर चढलेल्या मुलाचे हात दोराला, म्हणजे खुणेची भाषा बंद, बोलणार कशानं? म्हणून सगळं जमिनीवर ठरवावं लागतं, दोराला एक झटका म्हणजे थांब, दोन म्हणजे खाली सोड, आणि ते प्रत्येकाशी करून बघावं लागतं. सकाळ त्यातच गेली. मॅनेजर कपाळाला हात लावून फिरत होते की एवढ्या वेळात काय केलंत. अरे हेच केलं! त्या मुलांनी नंतर आपापसात आणखी चार खुणा बनवल्या, माझ्यापेक्षा चांगल्या.

हो, या हट्टापायी माझ्याकडून ग्रुप गेले. "बाकीकडे सहा ऍक्टिव्हिटी देतात" म्हणून एका शाळेनं तोंडावर सांगितलं. ज्यांच्याबरोबर सेंटर उभं केलं त्यांच्याशी बोलणं तुटलं, ते अजून जुळलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्याचं वाईट वाटतं, काढून टाकलेल्या झिपलाइनचं नाही वाटत. त्यांचं म्हणणं होतं की आधी टिकू, मग चांगलं करू. चूक नव्हते ते, पगार तेच देत होते. पण मी बरोबर होते. आजही तेच म्हणेन आणि तुला हे पटवताना मी स्वतःलाच पटवतेय असं वाटत असेल तर वाटू दे.

तर सेंटर बदलू नकोस, सगळीकडे हेच आहे. सर्टिफिकेट पुढच्या वर्षी कर. आधी मीटिंगला एक दिवसाचा कागद घेऊन जा, सकाळी एक गोष्ट, दुपारी एक, मधे रिकामी जागा, आणि त्या जागेवर "मोकळा वेळ" लिहू नको, लगेच कोणीतरी तिथे टग ऑफ वॉर घुसवेल. "डीब्रीफ आणि हवामानासाठी राखीव" असं लिही, ऑफिसवाल्यांना राखीव शब्दाची भीती वाटते. सरांना आधीच फोन करून सांग की मुलं ऍक्टिव्हिटी कमी करतील आणि का. ते ओरडले तर ओरडू दे, बसजवळ ओरडण्यापेक्षा फोनवर बरं.

कागद मला आधी पाठव. त्यात वॉल आणि तिरंदाजी एकाच सकाळी दिसली तर मी उत्तर देणार नाहीये.