कॅज्युअल्टीतल्या (तातडीच्या विभागातल्या) पहिल्या नाइट ड्युटीआधी

अगं, नातेवाइकांचा घोळका आत शिरला की आधी दार कुठे आहे ते बघ. ट्रॉली आणि भिंतीच्या मध्ये अडकू नकोस. त्यांच्यातलं एखादं शांत माणूस हेर आणि आत काय चाललंय ते त्याला थोड्या थोड्या वेळाने सांगत राहा. ताटकळूनच माणसं जास्त भडकतात. मृत्यूची बातमी मात्र डॉक्टरांनीच द्यायची, तू एकटीने नाही.

माझा हात पिरगळला गेला तेव्हा इन्चार्ज सिस्टर ‘जाऊ दे’ म्हणाल्या आणि मी गप्प बसले. ते अजून सलतं. तू गप्प बसू नकोस. दवाखान्यातल्या हिंसाचाराविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१०चा कायदा आपल्या परिचारिकांनाही लागू आहे: गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र, ३ वर्षांपर्यंत कैद. मार लागला तर त्याच रात्री स्वतःचीही एमएलसी (पोलिसांसाठीची वैद्यकीय नोंद) करून घे.