मेंदूचे खेळ घ्यावेत की वाचनाचा सराव?

'मुलगी ९ वर्षांची आहे. शाळेने डिस्लेक्सिया, म्हणजे अक्षरं ओळखून वाचण्यातली अडचण, सांगितलाय. घरी रोज अर्धा तास संगणकावर मेंदूचे खेळ खेळायचे, मग स्मरणशक्ती वाढते आणि वाचन आपोआप सुधारतं, असा एक कोर्स सापडलाय. घेऊ का?' असं एका आईने विचारलंय.

ताई, पैसे भरायच्या आधी त्यांना एकच विचारा. मुलं खेळात पुढच्या पातळीवर जातात हे ठीक, पण खेळ बंद करून पुस्तक हातात दिल्यावर काय फरक पडला, तो कोणी आणि कसा मोजला? उत्तरादाखल फक्त खूश पालकांचे व्हिडिओ आले, तर नाद सोडा.

मी हे इतक्या ठामपणे लिहिते त्याला कारण आहे. वर्किंग मेमरी, म्हणजे माहिती क्षणभर डोक्यात धरून वापरण्याची क्षमता, वाढवणाऱ्या कार्यक्रमांचे अभ्यास मोनिका मेल्बी-लेर्वाग आणि चार्ल्स ह्यूम या संशोधकांनी २०१३ मध्ये एकत्र करून तपासले. मुलं सराव केलेल्या खेळात सुधारली, पण शब्दवाचनात आणि गणितात ती सुधारणा उतरल्याचं दिसलं नाही. जानेवारी २०१६ मध्ये लुमॉसिटी या मेंदूच्या खेळांच्या कंपनीने अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला २० लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. खेळांमुळे शाळेत आणि कामावर प्रगती होते, या दाव्यांना पुरेसा आधार नाही, असा कमिशनचा आक्षेप होता.

एक मुलगा माझ्या डोळ्यांसमोर आहे. टॅबलेटवर चमकणारे चौकोन तो क्रमाने पटापट सांगायचा, अगदी उलट्या क्रमानेसुद्धा. मग गोष्टीचं पुस्तक उघडलं की 'हाऊस'चं 'हॉर्स' वाचायचा, कारण तो पहिलं अक्षर बघून अंदाज बांधत होता. त्याची अडचण अक्षर आणि आवाज यांची सांगड घालण्यात होती, आणि त्या खेळात तिला कुणी हातच लावला नव्हता.

म्हणून घरचा वेळ थेट वाचनाला द्या. अक्षर-आवाजाची जोडी पायरीपायरीने शिकवणारा फोनिक्सचा कार्यक्रम निवडा, शाळेत जो चालू असेल त्याच्याशी जुळणारा. रोज २० मिनिटं पुरेत. शाळेतून दमून आलेल्या मुलीला त्याहून जास्त बसवू नका. ती आधीच इतरांपेक्षा दुप्पट मेहनत करून घरी येते, हे आपण विसरतो.

दर दोन आठवड्यांनी त्याच पातळीचा नवा उतारा एक मिनिट वाचून घ्या आणि बरोबर वाचलेले शब्द वहीत मांडा. दोन-तीन महिन्यांत आकडा हलला नाही, तर पद्धत बदला. मुलीला दोष देऊ नका.

शाळेकडेही मदत मागा. तुम्ही अमेरिकेत असाल, तर अपंगत्व किंवा शिकण्याच्या अडचणी असलेल्या मुलांसाठीच्या 'आयडिया' कायद्यानुसार सरकारी शाळेला मुलीचं मूल्यमापन मोफत करावं लागतं, मागणी मात्र लेखी करा. इंग्लंडमध्ये असाल, तर शाळेतल्या 'सेन्को'ना, म्हणजे विशेष गरजा असलेल्या मुलांची मदत बघणाऱ्या शिक्षकांना, भेटा. पुष्कळ पालक संकोचाने विचारतच नाहीत आणि मग खासगी कोर्सच्या मागे धावतात.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की गोंधळ नको म्हणून घरी मराठी बंद केली. कृपा करून पुन्हा सुरू करा. दोन भाषांमुळे डिस्लेक्सिया होत नाही. उलट आवाज सुटे करून ऐकण्याची सवय एका भाषेत लागली की दुसरीतही उपयोगी पडते. गाडीत जाता-जाता विचारा, "कमळमधला 'क' गाळला तर काय राहिलं?" ती 'मळ' म्हणाली की पुढे इंग्रजीकडे वळा, "आणि 'स्टॉप'मधला 'स्' काढला तर?" याला संगणक लागत नाही, आणि चुकलं तर तुम्ही लगेच हळू म्हणून दाखवू शकता.